अक्षराचा दर

मी अक्षरावर पैसे घेतो.
दगडाचे वेगळे, घासण्याचे वेगळे,
आणि अक्षरामागे अकरा युरो, मेलेला कुणीही असो.
सरळ रेघेला आणि वळणाला दर एकच.
खरं तर वळणाला जास्त घ्यायला हवेत,
वडिलांनी घेतले नाहीत, म्हणून मीही घेत नाही.

ऑक्टोबरात इर्मेनगार्ड ऑडली आल्या,
माहेरच्या त्सिर्नगिबल.
त्यांच्या बापाचा दगड आमच्याच हातचा.
नवऱ्याची राख इंग्लंडला जायची होती,
कुठल्याशा खेड्यात, त्याच्या आईशेजारी.
दगड मात्र इथलाच हवा, डॅन्यूबकाठचा चुनखडक.
कागदावर नाव, दोन तारखा,
खाली 'मृत्यू', आणि पुढे कोरी जागा.

"गाव काय घालू?"

त्यांनी पिशवीतून दोन पत्रं काढली.
एक नणंदेचं, निळ्या शाईतलं, थरथरतं:
इंग्रजीत त्या शहराला रॅटिस्बन म्हणतात,
आमच्या शाळेच्या नकाशात तसंच होतं,
सिरिल तसंच म्हणायचा.
दुसरं भाचीचं, छापील:
मामी, असं आता कुणी म्हणत नाही,
इंग्रजीतसुद्धा रेगेन्सबुर्गच.
रॅटिस्बनचं तिकीट मागितलं
तर स्टेशनवर हसतील.

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"मी एकेचाळीस वर्षं दुरुस्त करत आले.
सकाळी पाव कापताना तो म्हणायचा,
आज रॅटिस्बनवर धुकं आहे.
मी म्हणायची, रेगेन्सबुर्गवर.
तो म्हणायचा, हो का, तिकडेही असेल."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"इस्पितळात नर्सनं त्याला विचारलं,
आत्ता आपण कुठे आहोत, सांगता येईल?
तो म्हणाला, रॅटिस्बन.
तिनं तक्त्यावर लिहिलं, स्थळाचं भान नाही.
मी तिच्याशी भांडले.
उभ्या आयुष्यात पहिल्यांदा
त्याच्या बाजूनं."

मी पेन्सिलीनं मोजलं.
आमच्या लिपीत रेगेन्सबुर्गची दहा, रॅटिस्बनची आठ.
दहांत 'जी' दोनदा येतो,
आणि 'जी'ची आतली जीभ या दगडात फुटते,
एकदा फुटली की सगळा दगड वाया.
हे सगळं मी त्यांना सांगितलं,
कारण दुसरं काय बोलावं कळेना.
मग शाळेत ऐकलेलं आठवलं, तेही सांगून टाकलं:
ते नाव इंग्रजांचं नव्हेच म्हणतात.
रोमन सैन्य येण्याआधी इथे जे राहत होते, त्यांचं.
आपण नवं घेतलं, जुनं टाकलं,
आणि ते कसंबसं समुद्रापार जाऊन टिकलं.
जशी सासरी सगळे नव्या नावानं हाक मारतात
आणि लांबच्या गावी एखाद्या म्हाताऱ्या आत्याला
तेवढं माहेरचं आठवतं.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.
"त्याला हे ठाऊक होतं?"
"मला कसं कळणार?"
"ठाऊक असतं तर बोलला असता," त्या म्हणाल्या.
मग म्हणाल्या, "नसताच बोलला."

आठ अक्षरं. अठ्ठ्याऐंशी युरो.
'ओ' कोरायला मला पूर्ण सकाळ लागली,
तेवढं एकच खरं वळण, बाकी कामचलाऊ.

दगड न्यायला गाडी यायची त्या दिवशी
त्या लवकर आल्या, हातमोजा काढला,
ओल्या दगडावर बोट फिरवत
एकेक अक्षर वाचलं, शेवटच्यापर्यंत.
आणि सवयीनं, हळूच, म्हणाल्या:
"रेगेन्सबुर्ग."

मग मान किंचित कलती करून
थांबल्या.

मी जाऊन करवतीचं पाणी बंद केलं.